निघतानाचा कागद

२०२३ चा ऑगस्ट महिना. माझी भाची डी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिची फी भरायची होती. भाईजान तिच्याबरोबर कॉलेजात गेले, खिडकीपाशी उभं राहून मोबाइलवरून पैसे पाठवू लागले. व्यवहार झाला नाही. पुन्हा पाठवले, पुन्हा तेच. खात्यात दोन लाख बारा हजार रुपये होते आणि फी होती पंचाहत्तर हजार. मागे रांग ताटकळत होती. शेवटी पोरगीच म्हणाली, "अब्बा, चला, उद्या भरू."

दुसऱ्या दिवशी बँकेत गेल्यावर कळलं, खातं गोठवलं आहे. जीएसटी खात्याचं पत्र आलं होतं. फर्मकडून वीस लाखांच्या वर येणं आहे, भागीदार म्हणून तुमचं नाव आहे, वसुली होईपर्यंत पैसे काढता येणार नाहीत.

"पण मी तीन वर्षांपूर्वीच फर्म सोडली," भाईजान म्हणाले.

काउंटरवरच्या मुलाने नम्रपणे सांगितलं, "चाचा, ते तुम्ही त्यांना सांगा. आमच्याकडे पत्र आलंय."

संध्याकाळी भाईजानचा मला फोन आला. "तू शिकलेली आहेस. जरा येऊन कागद वाचून दाखव."

भाईजान उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकले. मी उर्दू आणि मराठी शिकवते, इंग्रजी कामापुरतं येतं. त्यामुळे रेशनकार्डापासून पासपोर्टापर्यंत घरातला प्रत्येक कागद माझ्याकडे येतो. भाचीची फी मी माझ्या खात्यातून भरली आणि कागद वाचायला बसले. त्या रात्रीपासून पाच-सहा महिने मी दुसरं काही वाचलं असेल असं वाटत नाही.

आधी धंद्याबद्दल सांगायला हवं. सोलापुरात यंत्रमाग बंद पडू लागले तसे जुने माग, शाफ्ट, मोटारी भंगारात निघू लागल्या. २००९ साली भाईजान, त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त आणि त्या दोस्तांचे धाकटे भाऊ अशा तिघांनी मिळून भंगाराचं दुकान काढलं. तिघांचा हिस्सा सारखा. स्टॅम्प पेपरवर भागीदारीपत्र झालं, मौलानांनी दुआ केली, मोहल्ल्यात पेढे वाटले. फर्मची नोंदणी मात्र रजिस्ट्रारकडे केली नाही. "घरच्या घरी कशाला?" असं सगळेच म्हणाले.

जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला. नोंदणीच्या वेळी मोबाइल नंबर द्यायचा होता. चांगला फोन दोस्तांकडे होता, म्हणून नंबर त्यांचा दिला. खात्याचा प्रत्येक निरोप त्याच फोनवर जाऊ लागला.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. दुकान दोन महिने बंद राहिलं, माल पडून, व्याज चालू. पडलेल्या भावात माल विकायचा की थांबायचं, यावरून तिघांत वाजलं. जूनमध्ये भाईजान बाहेर पडले. पुन्हा एक स्टॅम्प पेपर आणला, फारकतनामा लिहिला : आजपासून फर्मच्या देण्याघेण्याशी संबंध नाही, सहा महिन्यांत हिशेब करून हिस्सा देऊ. दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. भाईजाननी तो कागद घडी घालून कपाटात ठेवला. बँकेला कळवलं नाही, रजिस्ट्रारला नाही, वर्तमानपत्रात जाहीर सूचना दिली नाही, जीएसटी खात्याला तर नाहीच.

सहा महिन्यांत हिशेब झाला नाही. २०२२ मध्ये उरलेल्या दोघांनी दुकानच बंद केलं. भाईजाननी साडेसहा लाखांच्या हिश्श्यासाठी दिवाणी दावा लावला. पस्तीस वर्षांची दोस्ती होती, ईदच्या दिवशी शिरखुर्म्याचं भांडं या घरातून त्या घरात जायचं, ते बंद झालं. एका मशिदीत दोघं वेगवेगळ्या सफेत उभे राहू लागले.

आता करखात्याचा आदेश. तो फेब्रुवारी २०२३ चा होता आणि २०२०-२१ या वर्षाचा होता. म्हणणं असं : फर्मने एका पुरवठादाराकडून अठ्ठेचाळीस लाखांचं भंगार घेतल्याची बारा बिलं दाखवली आणि त्यावरचा अठरा टक्के कर, म्हणजे ८,६४,००० रुपये, आपल्या देय करातून वजा करून घेतला. त्या पुरवठादाराची नोंदणी पुढे रद्द झाली, त्याने सरकारकडे कर भरलाच नव्हता. म्हणून ती वजावट नामंजूर. कर ८,६४,०००, तेवढाच दंड, वर अठरा टक्क्यांनी व्याज.

सगळी बिलं भाईजान बाहेर पडल्यानंतरची होती. मला वाटलं, फारकतनामा दाखवला की काम झालं. आम्ही एका कर सल्लागारांकडे गेलो. त्यांनी फारकतनामा दोनदा वाचला आणि विचारलं, "हा खात्याला कधी दिला?"

"दिला नाही."

त्यांनी जीएसटी कायद्याचं कलम ९० काढून माझ्यापुढे ठेवलं. मी ते वाचून भाईजानना आपल्या भाषेत सांगितलं. फर्मच्या कराला प्रत्येक भागीदार एकेकटा आणि सगळे मिळून जबाबदार असतात. एखादा निवृत्त झाला तर त्याने किंवा फर्मने आयुक्तांना लेखी कळवायचं. कळवलं तर निवृत्तीच्या तारखेपर्यंतच्याच कराची जबाबदारी राहते. पण एका महिन्याच्या आत कळवलं नाही, तर ते पत्र आयुक्तांना मिळेल त्या दिवसापर्यंत जबाबदारी चालूच राहते. म्हणजे भाईजान जून २०२० मध्ये दुकानातून उठले, कायद्याच्या नजरेत मात्र गल्ल्यावरच बसून होते.

"आणि नोटीस? मला एकही नोटीस आली नाही," भाईजान म्हणाले.

नोटीस आली होती. ती पोर्टलवर टाकली होती, कायद्याप्रमाणे ती बजावणी चालते. पोर्टलवर जाण्याचा रस्ता दोस्तांच्या मोबाइलमधून जात होता आणि दुकान बंद झाल्यापासून तिकडे कोणी पाहिलंच नव्हतं. उत्तर न गेल्याने एकतर्फी आदेश झाला. अपिलाला तीन महिने असतात, सबळ कारण असेल तर आणखी एक महिना. तोही जूनमध्येच संपला होता आणि आम्ही ऑगस्टमध्ये जागे झालो होतो.

सल्लागार म्हणाले, उच्च न्यायालयात जाऊन पाहता येईल, पण खर्च मोठा. भाईजान परत येताना रिक्षात एक शब्द बोलले नाहीत. घराच्या दारात आल्यावर एवढंच म्हणाले, "घर अब्बांनी बांधलंय. ते तर घेणार नाहीत ना?"

नोव्हेंबर २०२३ मध्ये अल्लाहने एक वाट काढली. सरकारने अधिसूचना काढली : ३१ मार्च २०२३ पर्यंतच्या अशा आदेशांवर ज्यांना मुदतीत अपील करता आलं नाही, त्यांना ३१ जानेवारी २०२४ पर्यंत करता येईल. आदेशातला जो भाग आपल्याला मान्य आहे तो कर, दंड, व्याजासकट पूर्ण भरायचा आणि वादात उरलेल्या कराच्या साडेबारा टक्के आधी भरायचे. म्हणजे उरलेली वसुली थांबते.

अडचण एकच होती. अपील फर्मच्या लॉगिनमधून करायचं होतं आणि लॉगिनचा ओटीपी त्या फोनवर येणार होता, ज्या फोनवर भाईजाननी तीन वर्षांत एकदाही नंबर लावला नव्हता.

"मी त्याच्या दारात जाणार नाही," भाईजान म्हणाले. मग मी गेले.

भाभींनी दार उघडलं, मला पाहून क्षणभर थबकल्या, मग काही न बोलता आत घेतलं आणि चहा ठेवायला गेल्या. भाई दिवाणावर बसले होते. खूप उतरलेले दिसले. धंदा गेल्यावर ते एका गोदामात वजनकाट्यावर नोकरी करत होते. आदेशाची झळ त्यांनाही लागली होती, त्यांचंही खातं बंद होतं.

मी ओटीपीचं सांगितलं. ते म्हणाले, "ओटीपी काय बहन, फोनच घेऊन जा. पण मला एक सांगा. तुमच्या भावाने कोर्टात लिहून दिलंय की त्याने हिश्श्याशिवाय फर्ममधून एक रुपया उचलला नाही. हे खरं आहे?"

मी म्हणाले, "मला दाव्यातलं माहीत नाही, भाई." ते खरंच होतं. करखात्याचे कागद माझ्याकडे असत, कोर्टाचे वकिलांकडे.

त्यांनी पलंगाखालून एक पिशवी ओढली, त्यातून रोजमेळाची वही काढली आणि नोव्हेंबर २०१९ चं पान उघडलं. समोर रक्कम होती २,६०,०००. पुढे भाईजानचं नाव, आणि सहीच्या जागी काहीच नाही.

"माझ्या वकिलांनी कैफियतीत लिहिलंय. पण पुरावा काय? ना चिठ्ठी, ना सही. साक्षीदार एकच, आणि ती त्याची बहीण आहे."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. मला सगळं आठवलं. अब्बांची बायपास. रात्रीचे अकरा वाजलेले, दवाखान्याच्या काउंटरवर सकाळच्या आत पैसे भरायला सांगितले होते. भाईजान रक्ताच्या बाटल्यांसाठी ब्लड बँकेत गेले होते आणि मी जिन्याजवळ एकटी उभी होते. हे भाई कापडी पिशवीत पैसे घेऊन आले. पिशवी माझ्या हातात दिली आणि संकोचत म्हणाले होते, "बहन, दुकानाचे पैसे आहेत. धाकटा विचारेल. एक चिठ्ठी लिहून देता का?"

मी त्यांना म्हणाले होते, "भाई, आपल्यात चिठ्ठ्या कधीपासून सुरू झाल्या?"

ते ओशाळले होते. खिशातून काढलेला पेन त्यांनी परत खिशात ठेवला. "खरंय," म्हणाले, "हिसाब बाद में देखेंगे." दोन महिन्यांनी अब्बा गेले, मग लॉकडाऊन आला, मग भांडण. नंतर कधी पाहिलंच नाही. त्या वेळी पेन खिशात ठेवायला लावणारी मीच होते, रोज पंचेचाळीस मुलांना "लिहा, लिहिल्याशिवाय लक्षात राहत नाही" असं सांगणारी.

मी भाईंना म्हणाले, "पैसे मी घेतले होते. मला आठवतंय." भाभी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पदराने डोळे टिपले.

घरी आले पण झोप लागली नाही. फज्रनंतर कुरआन उघडला. सूरह अल-बकराची २८२ वी आयत ही कुरआनातली सर्वांत मोठी आयत आहे, आणि ती आहे देण्याघेण्याच्या व्यवहाराबद्दल. मुदतीचं देणंघेणं असेल तर लिहून ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, साक्षीदार ठेवा, आणि साक्षीला बोलावलं तर साक्षीदाराने नाही म्हणू नये, असा तिचा आशय. हातोहात होणाऱ्या रोख सौद्याला लिहिण्यातून सूटही दिली आहे. मी ही आयत किती वेळा वाचली असेन! दर रमजानात. पण ती दवाखान्यातल्या जिन्याजवळही लागू होते, हे त्या दिवशी कळलं. मग सूरह अन-निसाची १३५ वी. न्यायावर ठाम राहा, अल्लाहसाठी साक्ष द्या, मग ती स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध का जाईना. त्यापुढे मला काही वाचवेना.

त्याच दिवशी मी भाईजानकडे गेले आणि सांगितलं. ते आधी म्हणाले, "ते तर दोस्त म्हणून त्याने दिले होते. फर्मचे कुठे होते?" मी म्हणाले, "फर्मचे होते. मला तसं सांगून दिले होते. तुम्हाला मी त्या रात्री एवढंच सांगितलं की भाईंनी पैसे आणून दिले. फर्मचे, हे सांगायचं राहिलं. चूक माझी आहे. पण कोर्टात विचारलं तर मी खरं सांगणार."

भाईजानचा चेहरा लाल झाला. "तू माझी बहीण आहेस की त्यांची?"

मी उत्तर दिलं नाही. त्यांनी आठ दिवस माझा फोन घेतला नाही. जानेवारीची मुदत जवळ येत होती आणि मी रोज शाळेतून घरी येताना त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी थांबून पुढे जात होते. वहिनी चोरून फोन करून सांगायच्या, "जेवत नाहीत नीट."

नवव्या दिवशी जुम्याच्या नमाजनंतर भाईजान माझ्या दारात आले. आत येऊन बसले, पाणी प्यायले. मग म्हणाले, "मी पिशवी तुझ्या हातात पाहिली होती. कापडी पिशवी. दुकानाचीच होती ती. मला ओळखू आली होती." थोड्या वेळाने म्हणाले, "चल, वकिलांकडे जाऊ."

त्यानंतरची बैठक सल्लागारांच्या ऑफिसात झाली. भाईजान आणि दोस्त समोरासमोर बसले, धाकटे भाऊ खाली मान घालून कोपऱ्यात. सल्लागारांनी बारा बिलं टेबलावर मांडली आणि विचारलं, "यातला माल किती खरा आहे? मला खरं सांगा. खोटं बिल खरं करून द्यायला मी बसलेलो नाही."

धाकट्यांनीच सांगितलं. नऊ बिलांचा माल खरोखर आला होता. ट्रक आला, काट्यावर वजन झालं, पैसे बँकेतून गेले. उरलेल्या तीन बिलांचा माल मात्र फेरीवाल्यांकडून आलेला होता. फेरीवाले बिल देत नाहीत, पुढच्या कारखान्याला बिल लागतं, म्हणून त्या पुरवठादाराकडून नुसती बिलं घेतली. "सगळेच करतात," ते पुटपुटले.

त्यांचे मोठे भाऊ म्हणाले, "सगळे करतात म्हणून तर आपण इथे बसलोय."

या धंद्यात ही गोष्ट नवी नाही, आणि म्हणूनच ती इथे लिहिते आहे. माल खरा असला तरी बिल दुसऱ्याचं असेल, तर तो कर आपण सरकारच्या तिजोरीतून न भरताच परत घेतलेला असतो. त्या पैशाला हलाल म्हणता येत नाही. खात्याचा आदेश एकतर्फी होता हे खरं, पण तो संपूर्ण चुकीचा नव्हता, हेही तितकंच खरं. आम्ही ऑगस्टपासून फक्त पहिलं अर्ध वाक्य बोलत होतो.

तीन बिलांचा कर २,१६,००० होता. तेवढाच दंड आणि एक लाख वीस हजारांच्या आसपास व्याज. हे सारं मान्य करून भरायचं ठरलं, आणि ते दोघा भावांनी भरायचं, कारण बिलं त्यांनी घेतली होती. उरलेल्या नऊ बिलांचा ६,४८,००० कर वादात ठेवला. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ८१,०००. तो तिघांनी सारखा वाटून घेतला, प्रत्येकी सत्तावीस हजार. भाईजानचे सत्तावीस हजार वहिनींच्या बांगड्यांतून आले. भाभींकडे तर विकण्यासारखं काही उरलंच नाही. वजनकाट्याच्या पावत्या, ई-वे बिलं, बँकेचे उतारे जोडून मुदतीच्या पाच दिवस आधी अपील गेलं. ओटीपी आला तेव्हा भाईंनी मोबाइल पुढे धरला आणि आकडे भाईजाननी मोठ्याने वाचून दाखवले. तीन वर्षांनी दोघांत झालेलं ते पहिलं बोलणं, सहा आकड्यांचं.

मार्चमध्ये तिघांचीही खाती मोकळी झाली.

दिवाणी दाव्यात भाईजानच्या वकिलांनी पुरसिस दिली, की २,६०,००० रुपये मिळाल्याचं वादीला मान्य आहे. साडेसहा लाखांतून ते वजा होऊन ३,९०,००० उरले. वकिलांनी तेव्हा एक गोष्ट समजावून सांगितली, ती मला माहीत नव्हती. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्या फर्मच्या भागीदाराला फर्मविरुद्ध किंवा इतर भागीदारांविरुद्ध आपला हक्क कोर्टातून मिळवणं जवळजवळ बंदच असतं. फर्म संपवणं आणि संपलेल्या फर्मचा हिशेब मागणं एवढाच दरवाजा उघडा राहतो. महाराष्ट्राने तर १९८४ च्या दुरुस्तीने तोही लावून घेतला होता, सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती दुरुस्ती रद्द ठरवली. म्हणजे २००९ मध्ये आम्ही "घरच्या घरी कशाला?" म्हणून जी नोंदणी टाळली, तिच्यामुळे भाईजानचा दावा एका चिंचोळ्या दारातून आत गेला होता. लढत राहिले असते तर आणखी किती वर्षं गेली असती, अल्लाह जाणे.

लोकअदालतीत तडजोड झाली. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नसतं, आणि भरलेली कोर्ट फीही परत मिळते. ३,९०,००० रुपये दरमहा पंधरा हजारांच्या सव्वीस हप्त्यांत द्यायचे ठरले. आधी सरकारचं देणं, मग भाईजानचं, हे भाईजाननीच सुचवलं.

अपिलाची सुनावणी झाली आहे, निकाल यायचा आहे. तो पूर्ण आमच्या बाजूने लागेल असं मी धरून चाललेली नाही. कायदा म्हणतो, विकणाऱ्याने कर सरकारला भरला असेल तरच घेणाऱ्याला वजावट. आम्ही माल खरा होता एवढं दाखवू शकतो, दुसऱ्याने कर भरला नाही त्याचं काय करणार? माल घेण्याआधी त्याची नोंदणी चालू आहे का, तो विवरणपत्रं भरतो का, हे पोर्टलवर पाहता येतं. ते तेव्हा कोणी पाहिलं नव्हतं.

या सगळ्यातून मला एक गोष्ट उमगली. आपल्याकडे सुरुवातीचा कागद तरी होतो, निघतानाचा होत नाही. दुकान काढताना स्टॅम्प पेपर, दुआ, पेढे, फोटो. बाहेर पडताना राग नाहीतर लाज, आणि दोन्हीत माणूस घाई करतो. आपल्या घरांत किती फर्म्स अशा आहेत, ज्यांत बायकोचं, बहिणीचं, परदेशी गेलेल्या भावाचं नाव आहे आणि त्यांना कशाचाच पत्ता नाही! भागीदारी सोडलीत तर महिन्याच्या आत जीएसटी आयुक्तांना लेखी कळवा आणि पोच घ्या. नोंदणी दाखल्यातून आपलं नाव काढलं गेलं का ते डोळ्यांनी पाहा. बँकेला कळवा, राजपत्रात आणि मराठी वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्या, फर्म नोंदलेली असेल तर रजिस्ट्रारकडे बदल नोंदवा. भागीदार असाल तोवर खात्याचे निरोप एकाच्या नव्हे, निदान दोघांच्या हाती पडतील असं पाहा. आणि दवाखान्याच्या जिन्याजवळ कोणी पिशवी हातात दिली तर चिठ्ठी लिहून द्या, तो मागायला लाजला तरी.

लिहून घेणं म्हणजे अविश्वास, असं आपण मानतो. मग निकाहच्या वेळी मेहर लिहितो, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतो, तेव्हा कोणाला अविश्वास वाटतो? उलट त्या कागदाने मुलीचा बाप निश्चिंत होतो. सूरह साद मध्ये हजरत दाऊद (अ.) यांच्यासमोर एक तंटा येतो, आणि तिथे म्हटलं आहे की भागीदारांपैकी पुष्कळ जण एकमेकांवर अन्याय करतात, ईमान राखून चांगलं वागणारे तेवढे वेगळे, आणि ते थोडे असतात. पूर्वी हे वाचताना मला वाटायचं, आपण त्या थोड्यांतलेच. आता वाटतं, त्या थोड्यांत राहण्यासाठीच तर वही, चिठ्ठी आणि सही आहे. माणसाची नियत चांगली असली तरी त्याची आठवण कच्ची असते.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भाई हप्ता घेऊन येतात. पावती भाची लिहिते, दोन प्रती, दोघांच्या सह्या. पहिल्या महिन्यात भाई पैसे ठेवून दारातूनच परत गेले होते. मागच्या रविवारी बसले, चहा घेतला, सही करून झाल्यावर भाईजानना म्हणाले, "वाचून घे रे एकदा." भाईजान म्हणाले, "वाचलंय." मग चष्मा लावला आणि पुन्हा वाचलं.

अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि आपल्या हातून कोणाचा हिशेब राहून जाऊ न देवो. आमीन.